सँडविच गावची काच

मॅसॅच्युसेट्समधील सँडविच हे समुद्रकाठचे गाव. १८२५ साली डेमिंग जार्व्हस यांनी तेथे काचेचा कारखाना काढला, तो वाळूसाठी नव्हे. चांगल्या काचेस लागणारी वाळू बाहेरूनच येई. भट्टीला सरपण मात्र मुबलक होते. फुंकणीने एकेक भांडे फुगविण्याऐवजी तप्त रस साच्यात दाबण्याची रीत तेथे भरभराटली, आणि श्रीमंतांची काच सामान्यांच्या ताटाशेजारी आली. हे काम आम्हांस मोठे वाटते. पण स्वस्ताई तेथेच थांबते थोडीच! १८६४ साली व्हीलिंग येथे शिशावाचून सोड्याची स्वच्छ काच साधली. कोळसाही तिकडेच हाताशी. सँडविचला तो दुरून आणावा लागे. अखेर कामगारांचा संप झाला आणि १८८८ साली कंपनीने भट्ट्या विझविल्या. पुढे कारखाना पुन्हा चालविण्याचे प्रयत्न झाले; ते फसले.