कोबीच्या वाफ्यातील उत्क्रांतीचे पुरावे

सजीवांच्या जाती आरंभापासून आहेत तशाच नसून त्या काळाच्या ओघात बदलत आल्या आहेत, हे चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली सप्रमाण मांडले. त्याचे पुरावे शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत.

पंचवटीच्या बाजार आवारात कोबी, फुलकोबी आणि नवलकोल ही तिन्ही पिके विक्रीस येतात. दिसण्यात ती भिन्न असली, तरी वनस्पतिशास्त्रदृष्ट्या एकाच जातीची आहेत. रानटी पूर्वजातून कोणी पानांचा गड्डा, कोणी फुलोरा, तर कोणी खोड पाहून पिढ्यान्‌पिढ्या बियाणे राखले. ही मनुष्याने केलेली निवड होय.

दुसरा पुरावा गोदामाईच्या गाळात आहे. पंचवटीवरून वाहणारी गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरला पोहोचते. तेथील गाळात मिळालेल्या हत्तीच्या जीवाश्म कवटीचे वर्णन भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ साली प्रसिद्ध केले. तो हत्ती आजच्या हत्तीशी नाते सांगणारा, परंतु आता नामशेष झालेल्या जातीचा होता.

तिसरा पुरावा मात्र शेतकऱ्याच्या खिशाला झळ लावणारा आहे. कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी डीडीटीला दाद देत नाही, असे १९५३ साली जावा बेटावरून नोंदले गेले. १९९० साली हवाई बेटांवर बीटी जिवाणूच्या फवारणीबाबतही तोच अनुभव आला.

‘अळीला औषधाची सवय झाली’ असे म्हटले जाते, ते खरे नव्हे. हजारो अळ्यांत एखादीच जन्मतः विष सोसणारी असते. फवारणीने इतर मरतात, ती वाचते आणि तिची संतती तोच गुण घेऊन येते. उष्ण हवेत या किडीची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. त्यामुळे तेच औषध वारंवार वापरल्यास ते लवकरच निकामी ठरते.

उपाय असे :

१. लागोपाठच्या पिढ्यांवर एकाच गटाचे कीटकनाशक फवारू नये. नाव बदलले तरी गट तोच असू शकतो. म्हणून गट विचारूनच खरेदी करावी.

२. कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. एक लागवडीपूर्वी १५ दिवस, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीवर अंडी घालतात. तेथील अळ्यांचा वेळीच बंदोबस्त करावा.

३. आरंभी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

४. काढणीनंतर पिकाचे अवशेष नष्ट करावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे कारण शेतकरी बंधूंना समजावून द्यावे. कारण उमगले म्हणजे औषधाची मात्रा वाढवीत जाण्याचा व्यर्थ खर्च टळेल.