रक्तपेशींच्या मोजदादीची पावणेदोनशे वर्षं

रक्तातल्या पेशी मोजता येतात, हे पहिल्यांदा दाखवलं जर्मनीतल्या कार्ल फिरोर्ट यांनी, १८५२ मध्ये. पण एका नमुन्यामागे तासन्‌तास जात. रुग्णालयाला परवडेल अशी पद्धत आली १८७०च्या दशकात, फ्रान्समध्ये मालासे आणि इंग्लंडमध्ये गॉवर्स यांच्या हातून. तिचं पुढे सुधारलेलं रूप, म्हणजे चौकटी आखलेली न्यूबॉअर चेंबरची काच, पॅथॉलॉजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून गेलेली असते.

त्या काळी मोजणीसाठी रक्त पिपेटमध्ये तोंडाने ओढत. पांढऱ्या पेशींच्या पिपेटच्या फुग्यात पांढरा मणी, तांबड्यांच्या फुग्यात लाल. पांढऱ्या मोजताना रक्त वीसपट पातळ करायचं, कोपऱ्यांतल्या चार चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि पन्नासने गुणायचं. रेषेवर बसलेल्या पेशी दोन बाजूंच्या धरायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या.

खरी अडचण या गुणाकारातच होती. घन मिलिमीटरला आठ हजार पेशी असतील, तर चार चौकोनांत जेमतेम १६० दिसतात. निव्वळ योगायोगाने त्यांत पंधरा कमी-जास्त झाल्या, की उत्तर ७५०ने हलतं. हात कितीही सराईत असो, ही चूक टळत नाही. गिनेस या बिअर कंपनीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी १९०७ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तिचं गणित मांडलं, तेही रक्तावर नव्हे, बिअरच्या यीस्टवर. उपाय एकच होता, जास्त पेशी मोजणं.

तो उपाय अमेरिकेत वॉलेस कोल्टर यांनी हाती दिला. पेटंट १९५३चं. मिठाच्या पाण्यातली पेशी बारीक छिद्रातून गेली की विजेचा अडथळा क्षणभर वाढतो. पेशी जितकी मोठी, तितका अडथळा जास्त. काही सेकंदांत हजारो पेशी मोजून होऊ लागल्या. तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान रक्ततज्ज्ञ विंट्रोब यांच्या पद्धतीत हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या एकूण वाट्यावरून, काढावं लागे, तेही आता यंत्रच सांगू लागलं.

पण या पद्धतीला कळतो तो आकार. गुठळी झालेल्या प्लेटलेट मोजणीतून निसटतात, तर थॅलॅसेमियातल्या चिमुकल्या तांबड्या पेशी प्लेटलेट म्हणून खपून जातात. नव्या यंत्रांनी लेसर आणि रंगद्रव्यं आणली, तरी शंका आली की रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जातेच. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा अचानक कोसळलेला दिसला, तर काचपट्टी तपासली आहे का, हे लॅबला जरूर विचारावं.