शिक्षकांची मोजदाद

शाळेंत शिक्षक किती, हें केवळ कागदावरील संख्येवरून समजत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पांचवीपर्यंत सामान्यतः ३० मुलांमागें एक शिक्षक हें प्रमाण ठरविलें. परंतु त्याच कायद्याच्या २७ व्या कलमान्वयें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक या कामीं शिक्षकांस नेमतां येतें. तेव्हां उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील वर्गाचा शिक्षक पटावर असूनहि फळ्यापाशीं नसतो.

दुसरी गोष्ट वेतनाची. महाराष्ट्रांत नवा शिक्षक प्रथम तीन वर्षें मानधनावर 'शिक्षणसेवक' असतो. प्राथमिक शाळेंतील हें मानधन २०२३ सालीं दरमहा ६,००० रुपयांवरून १६,००० रुपयांवर नेण्यांत आलें.

म्हणून संशोधकानें शिक्षकांबरोबर त्यांचा वेळ व वेतन हींहि मोजावीं. पालकहो, वर्षांतील किती दिवस शिक्षक वर्गांत असतात, हें आपणहि विचारावें. कारण बुडालेला तास अखेर मुलांचाच असतो.