वाफेशी झुंजणारा कपाळावरचा पंखा

27 जून 1981 रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जण पुढे पेंटबॉल म्हणून ओळखला गेलेला एक नवा खेळ खेळायला उतरले. हातात ‘नेलस्पॉट 007’ नावाची रंगाची पिस्तुलं होती. ती मुळात झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेली. डोळ्यांवर होते कारखान्यात वापरतात तसले साधे गॉगल. त्या दिवशी जिंकला तो रिची व्हाइट. हा माणूस पेशाने जंगलात काम करणारा. त्याने खेळातले सगळे झेंडे गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही. पेंटबॉलमध्ये बंदुकीआधी नजर लागते, हे पहिल्याच डावात दिसून आलं.

या नजरेला दोन धोके असतात. पहिला गोळीचा. पेंटबॉलची नेहमीची गोळी 0.68 इंच, म्हणजे साधारण 17 मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे 3 ग्रॅम वजनाची. मैदानांवर वेगाची मर्यादा बहुधा सेकंदाला 300 फूट किंवा त्याहून कमी असते. त्या वेगात तिच्यात सुमारे 12 ज्यूल ऊर्जा असते. क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर आला तर त्याचा बराच मार भोवतीच्या हाडांवर जातो. ही गोळी मात्र खोबणीत सहज शिरेल एवढी लहान. म्हणून अमेरिकेत पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम एफ1776 हे स्वतंत्र मानक आहे. मास्क घेताना पहिली नजर त्या मानकाच्या छापावर जायला हवी, रंगावर किंवा किमतीवर नव्हे.

दुसरा धोका वाफेचा. धावताना श्वास जोरात सुरू होतो, चेहरा घामाने निथळतो. नाकातोंडातून निघणारी हवा सुमारे 34 अंश सेल्सियसची आणि बाष्पाने भरलेली असते. ती गार काचेला लागली की थंड पाण्याच्या तांब्यावर धरतात तसे बारीक थेंब आतल्या बाजूला धरतात आणि समोरचं सगळं धुरकट होतं. खेळाडूचा हात आपसूक मास्ककडे जातो. पेंटबॉलमधल्या डोळ्यांच्या गंभीर दुखापती बहुतांशी मास्क न घातलेल्या किंवा मध्येच काढलेल्या खेळाडूंना झाल्या आहेत. म्हणूनच वाफ घालवण्याची सोय ही चैनीची गोष्ट नाही, ती सुरक्षेचाच भाग आहे.

वाफेवर उपाय तीन. पहिला दुहेरी काचेचा. बोलताना काच म्हणतो, पण बाहेरचा पडदा असतो पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकचा. दोन पडद्यांमध्ये हवेचा पातळ थर बंद केलेला असतो, त्यामुळे आतला पडदा चेहऱ्याच्या उबेत राहतो. दुसरा उपाय आतल्या बाजूच्या लेपाचा. त्याच्यामुळे पाणी थेंब न होता पातळ पसरतं आणि आरपार दिसत राहतं. तिसरा उपाय पंख्याचा. कपाळापाशी, छज्ज्याखाली बसवलेला हा इवलासा पंखा बॅटरीवर चालतो आणि आतली दमट हवा हलती ठेवून तिच्या जागी बाहेरची हवा आणतो.

पंख्याची खरी गरज चष्मेवाल्यांना. दुहेरी काच मास्कची काच वाचवते, पण तिच्या आत असलेल्या चष्म्याला त्याचा काही उपयोग नाही. चष्म्यावर वाफ धरली तर ती बोटाने पुसताही येत नाही. हलती हवा मात्र दोन्ही काचांवरून फिरते. चष्मेवाल्याने खोल बांधणीचा मास्क निवडावा, स्वतःचा चष्मा लावूनच तो घालून पाहावा, काड्या कानशिलावर रुतत नाहीत ना, हे तपासावं. मग तो घालूनच दहा मिनिटं जिना चढावा-उतरावा. दुकानात उभं राहून कुठलाच मास्क धुरकट होत नाही. पंखा चालू करून आवाजही ऐकावा. कपाळाजवळची सततची घरघर सोबत्याची हाक झाकून टाकत असेल, तर दुसरा मास्क बघावा. पंख्याला लागणारी बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते का, आणि सुटी काच पुढेही मिळत राहील का, हेही आधीच विचारावं.

आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याची मर्यादा कळते. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असली की दवबिंदू, म्हणजे थेंब धरू लागण्याचं तापमान, 26 अंशांच्या आसपास असतो. श्वासापेक्षा ही हवा कोरडी खरी, पण फरक थोडाच, त्यामुळे पंखा हळू काम करतो. अशा दिवशी पंखा आणि दुहेरी काच, दोन्ही हवेत. वातानुकूलित गाडीतून काढलेला गार मास्क लगेच चढवला तर तो आतून-बाहेरून पांढरा होतो; आधी थोडा वेळ सावलीत बाहेर ठेवावा.

देखभालीत सर्वांत जास्त नुकसान घाईने पुसण्यामुळे होतं. गोळीतला रंग बहुधा पाण्यात विरघळणारा असतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूला ओलं मऊ कापड पुरतं. आतला लेप नाजूक. ओला असताना त्यावर कापड घासू नये, हलकेच टिपावं. दुहेरी काच बुडवून धुऊ नये, कारण कडेच्या फोममधून पाणी आत शिरलं तर डाग राहतात. घरातली काच पुसायची औषधं आणि सॉल्व्हंट दूर ठेवावेत. काही डासप्रतिबंधक मलमांमधलं डीट हे रसायनही पॉलिकार्बोनेटला खातं, म्हणून मलम लावल्यावर हात धुऊनच मास्क हाताळावा. पंख्याला पाणी लावू नये. पात्यांत अडकलेला रंग कोरड्या ब्रशने काढावा. मास्क ठेवून देताना बॅटरी काढून ठेवावी, नाहीतर ती गळून तारा गंजतात. काचेला चीर दिसली किंवा अगदी जवळून थेट मार बसला, तर काच बदलावी, वरून कितीही चांगली दिसत असली तरी.

आणि पंखा बंद पडला, बॅटरी संपली, काही दिसेनासं झालं, तर? हात वर करावा, पंचाला हाक मारावी आणि मास्क तसाच ठेवून मैदानाबाहेर यावं. सुरक्षित जागी पोचल्याशिवाय तो उचलू नये. डाव गेला तर पुन्हा खेळता येतो. हा नियम पाळणं सोपं व्हावं, एवढ्याचसाठी त्या पंख्यावर पैसे खर्च करायचे.