पंपावर पेट्रोल नसेल तर खाडाच करायचा का?

2024 साल उजाडलं तेच पेट्रोल पंपांवरच्या रांगांनी. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांसाठी नव्या न्यायसंहितेत कडक शिक्षेची तरतूद होती. तिच्या विरोधात वाहनचालकांनी संप पुकारला आणि मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर हलेनात. 2 जानेवारीच्या रात्री केंद्राच्या आश्वासनानंतर संप मागे घेतला गेला. टंचाई दोन दिवसांचीच होती, पण नगरच्या नागापूर किंवा सुपा एमआयडीसीत रोजंदारीवर राबणाऱ्याला दोन खाडेही परवडत नाहीत. म्हणून अशा वेळी हमखास कानावर येणाऱ्या काही समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

‘टाकी फुल करून ठेवली की आपण सुटलो.’ एरवी दोनशेचं टाकणारा माणूस बातमी ऐकून टाकी फुल करतो, शिवाय घरातली दुसरी गाडीही रांगेत आणतो. दोन लिटरच्या जागी आठ-दहा लिटर जाऊ लागले की टँकर वेळेवर येऊनही पंप कोरडा पडतो. म्हणजे टंचाईचा भार आपणच वाढवतो, आणि रिकाम्या हाताने परततो तो रात्रपाळी करून आलेला कामगार. पेट्रोल बाटल्यांत भरून घरात ठेवणं तर सरळ आगीला आमंत्रण आहे. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला मनाई आहे ती त्यासाठीच.

‘माझी बाइक पन्नासचं ॲव्हरेज देते, एसटी जेमतेम साडेचारचं. मग इंधन कोण जाळतं?’ हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. गाडी लिटरला किती धावते, याबरोबर त्या लिटरवर किती माणसं पोहोचतात तेही मोजायला हवं. चाळीस प्रवासी घेऊन निघालेली बस लिटरला साडेचार किलोमीटर धावली, तरी माणशी हिशेब 180 किलोमीटरचा होतो. बाइकवर एकटा असेल तर पन्नास, दोघं असतील तर शंभर. पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या कारमध्ये एकटाच बसला तर पंधरा, पण चौघं बसले तर साठ. म्हणजे भरलेली कार एकट्याच्या बाइकपेक्षा माणशी कमी इंधन खाते! नगरहून सुपा तीसेक किलोमीटर आहे. जाऊन-येऊन एका बाइकला लिटरभराच्या वर लागतं. एकाच शिफ्टचे चौघं चार बाइकऐवजी दोन बाइकवर निघाले, तर रोज दोन लिटरहून जास्त पेट्रोल वाचतं. त्यासाठी नवी गाडी, नवा रस्ता, सरकारी योजना, काहीच लागत नाही.

‘शेजाऱ्याला मागे बसवलं तर कायदा आड येतो.’ पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन प्रवासी नेणं बेकायदा आहे. सोबत काम करणाऱ्याला फुकट बरोबर नेणं नाही. खरी अडचण विम्याची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर बाइकवर मागे बसलेल्याच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिला आहे. रोज कुणाला तरी बरोबर न्यायचं असेल, तर आधी आपली पॉलिसी काढून वाचावी आणि ती पॅकेज पॉलिसी आहे का ते पाहावं. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे, तेही दुसरं घ्यावंच.

‘एसटी गावाला जायची गाडी, ड्यूटीची नव्हे.’ नगरकरांनी तरी असं म्हणू नये. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी धावली ती पुणे-नगर मार्गावर, आणि बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 रोजी, महामंडळाची पहिली ‘शिवाई’ विजेवरची बसही पुण्याहून नगरलाच आली. या बसला डिझेलचा थेंब लागत नाही. मासिक पासाचा हिशेबही अनेकांना ठाऊक नसतो: 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास. तीन महिन्यांच्या पासाला 50 दिवसांचं भाडं पडतं. नुसतं तिकीट काढणाऱ्या महिलांना मार्च 2023 पासून निम्मं भाडं आहे.

रेल्वेवर मात्र मी भिस्त ठेवणार नाही. दौंड-मनमाड मार्ग 1878 पासूनचा, आता तर विजेचाही. पण वाटेतल्या लहान स्टेशनांवर शिफ्टच्या वेळेला थांबतील इतक्या गाड्या नाहीत.

‘सायकलवर कामाला? घामाघूम होऊन पोहोचणार.’ सावेडीहून नागापूरपर्यंतचं पाचेक किलोमीटरचं अंतर सायकलवर निवांत पायडल मारत अर्ध्या तासात कापता येतं. सकाळच्या पाळीला तर उन्हाचाही प्रश्न नाही. भीती वाटते ती मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांची, आणि ती अगदी रास्त आहे. तिथे सायकलसाठी वेगळी पट्टी मागितलीच पाहिजे; ती होत नाही तोवर आतल्या वसाहतींतून निघणारा रस्ता धरावा, मग थोडा वळसा पडला तरी चालेल.

कारखान्यांच्या हातातही एक गोष्ट आहे. प्रासंगिक करारावर एसटी पूर्ण बस भाड्याने देते. पन्नासेक कामगार एकाच शिफ्टला येत असतील, तर व्यवस्थापनाने केडगाव, माळीवाडा, सावेडी असे थांबे ठरवून आगाराकडे चौकशी करावी. कामगार प्रतिनिधींनी ती मागणी आत्ताच, पंप भरलेले असतानाच, लेखी द्यावी.