उद्याची गाडी आणि आजचे जुलाब

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "डॉक्टरसाहेब, उद्याची गाडी आहे. लगेच थांबेल असे काहीतरी द्या." मूल आईच्या खांद्यावर मलूल पडलेले असते, सकाळपासून चार-पाच वेळा पातळ शी झालेली असते आणि वडिलांच्या चेहऱ्यावर मुलाच्या काळजीइतकीच तिकिटांची काळजी दिसत असते. त्यांना हसू नये. आम्हां इंदूरकर मराठी मंडळींचे घर इकडे आणि कुलदैवत तिकडे. प्रत्यक्ष होळकरांचे दैवत जेजुरीचे, तेथे इतरांची काय कथा? जावळ असो, मुंज असो, चार बिऱ्हाडांच्या रजा जुळवून बेत ठरतो, तिकिटे फार आधी काढलेली असतात आणि गाडीची वेळ जवळ येईल तसतसे परत मिळणारे पैसे कमी होत जातात. या पैशाचे ओझे वैद्यकीय निर्णयावर पडते. आपण ते कबूल करीत नाही, इतकेच.

माझ्यावरही ते पडले होते. 2018 साली थोरल्या बंधूंच्या नातवाचे जावळ जेजुरीला काढण्याचे ठरले. अकरा माणसे, पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे ठरविलेली मोटार. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तेरा महिन्यांच्या त्या बाळाला तीन वेळा जुलाब झाले. सूनबाई म्हणाली, "काका, राहू द्या ना, नंतर जाऊ." दादा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त आगाऊ दिलेल्या रकमांचा कागद माझ्यापुढे सरकवला. बाळ खेळत होते, अंगावर पीत होते, लघवी व्यवस्थित होत होती, शीमध्ये रक्त नव्हते. मी जाण्यास होकार दिला. वैद्यकीय दृष्ट्या तो निर्णय अगदीच चुकीचा नव्हता; पण तो कागद समोर नसता तर मी एक दिवस थांबायला सांगितले असते, हेही खरे.

पुढची चूक मात्र सर्वस्वी माझी. ओआरएसची पाकिटे मी दवाखान्याच्या टेबलावर काढून ठेवली आणि तिथेच विसरलो.

रतलाम गेल्यावर जुलाब वाढले. डब्यात गुप्तता नसते. एका आजींनी दूध तोडायला सांगितले, एका गृहस्थांनी साबुदाण्याची लापशी सुचवली आणि समोरच्या बाकावरील बाईंनी पर्समधून जुलाब बंद करणारी गोळी काढून "अर्धी द्या, आमच्या नातीला लगेच गुण आला" असे सांगितले. त्यांचा हेतू चांगलाच होता. माझा मात्र तोल गेला आणि मी जरा तोडूनच बोललो. लोपेरामाइड जातीची ती गोळी जुलाब बरे करीत नाही, आतड्याची हालचाल मंदावते. पाणी आतड्यात साचते, पोट फुगते, बाहेर काही दिसत नाही म्हणून घरचे निश्चिंत होतात. लहान मुलांना ती देऊ नये.

पुढच्या मोठ्या स्टेशनात पुतण्या धावत जाऊन फळांच्या चवीची तीन खोकी घेऊन आला. वर ठळक अक्षरांत 'ओआरएस' छापलेले. दिवे मालवलेले होते, मीही शिणलो होतो. न वाचता एक खोके मी बाळाला वाटी-चमच्याने पाजले. त्याने ते आवडीने प्यायले आणि तासाभरात पाण्यासारखे दोन मोठे जुलाब झाले. मग मी मोबाइलच्या उजेडात बारीक अक्षरे वाचली. साखर इतकी, की ते सरबतच होते.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. जुलाबात आतड्याला सूज असली तरी एक वाट बहुधा शाबूत राहते : ग्लुकोज आणि सोडियम जोडीने अस्तरातून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. ही जोडी समप्रमाणात लागते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात एक लिटर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. साखर त्याच्या कित्येक पट झाली, की शोषली न गेलेली साखर उलट अंगातले पाणी आतड्यात ओढते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर पिंपांतून मीठ-ग्लुकोजचे पाणी वाटून पटकीच्या रुग्णांचे मृत्यू झपाट्याने कमी केले, ते याच तत्त्वावर. हे सारे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो.

त्या रात्री दादांच्या फराळाच्या डब्यांतून साखर-मीठ निघाले. चहाचा चमचा मात्र कोणाकडेच नव्हता; तो दिला त्या गोळीवाल्या बाईंनीच, काही न बोलता. एक लिटर पाण्याच्या सीलबंद बाटलीत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे पाकिटाची बरोबरी करीत नाही, कारण त्यात पोटॅशियम नाही. पण अडचणीत पुरते. दर मिनिटाला एक चमचा या हिशेबाने सूनबाई आणि मी पाळीपाळीने पहाटेपर्यंत पाजत होतो. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. अंगावरचे दूध बंद केले नाही. कल्याणच्या सुमारास बाळाने लंगोट भिजवला, तेव्हा दादांनी खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

पुण्याला मोटार जेजुरीऐवजी एका मित्राच्या रुग्णालयाकडे वळली. दीड दिवस बाळ तिथे होते, सलाइन लागले नाही.

त्या खोक्यांचा प्रश्न पुढे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने लावून धरला. 2022 मध्ये बंदी आली, काही महिन्यांतच सूचना छापण्याच्या अटीवर ती सैल झाली आणि अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरण्याची परवानगी काढून घेतली. तरीही दुकानदार देईल ते वाचूनच घ्यावे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा. ते किती पाण्याचे आहे तेही पाहावे. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवणारे पालक आजही भेटतात, आणि ती चूक त्या खोक्याइतकीच घातक आहे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांच्या आतील मुलाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, मोठ्याला त्याच्या दुप्पट. जस्ताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस पूर्ण करावे, प्रवास संपला म्हणून सोडू नये. मूल सुस्त असेल, सहा तास लघवी नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटात पाणी ठरत नसेल किंवा शीमध्ये रक्त असेल, तर तिकिटे कितीची आहेत हे मला सांगू नका. मी ऐकणार नाही.

जावळ तिसऱ्या वर्षी निघाले. गाडी सुटण्यापूर्वी दादांनी फलाटावर मला थांबवले आणि "पाकिटे दाखव" म्हणाले. मी सदऱ्याच्या खिशातून चार काढून दाखवली. त्यांनी ती मोजली, त्यांतली दोन स्वतःच्या खिशात ठेवली आणि मग डब्यात चढले.