तारा प्रसाद : भारतासाठी बर्फावर उतरलेली स्केटिंगपटू

हिवाळी ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगमध्ये आजवर एकाही भारतीय खेळाडूला प्रवेश मिळालेला नाही. या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनमधील हार्बिन येथे झालेल्या आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धेत तारा प्रसादने महिला एकेरीत मिळवलेले आठवे स्थान लक्षणीय ठरते. या स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या किम चे-यनने सुवर्णपदक जिंकले, तर तीन वेळची जगज्जेती असलेल्या जपानच्या काओरी साकामोतोला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

जन्म अमेरिकेत, खेळ भारतासाठी

ताराचा जन्म २६ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेत एका भारतीय वंशाच्या कुटुंबात झाला. स्केटिंगचे धडेही तिने तेथेच गिरवले. पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारून ती भारताच्या वतीने खेळू लागली. २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये तिने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

नागरिकत्वाचा हा निर्णय केवळ भावनेचा नव्हता. भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. शिवाय भारतीय नागरिकांनाच राष्ट्रीय संघात स्थान देण्याचे धोरण केंद्र सरकारने २००८ मध्ये स्वीकारले. त्यामुळे परदेशात वाढलेल्या खेळाडूला जन्मभूमीचे पारपत्र आणि भारताचा गणवेश यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. ताराच्या आधी, २००० च्या दशकात, अमेरिकेतच जन्मलेल्या अमी पारेखने आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले होते.

गुणांचा हिशेब

एकेरीत प्रत्येक खेळाडूला दोनदा बर्फावर उतरावे लागते. शॉर्ट प्रोग्रॅम सुमारे २ मिनिटे ४० सेकंदांचा, तर फ्री स्केटिंग सुमारे ४ मिनिटांचे असते. दोन्हींच्या गुणांची बेरीज करून क्रम ठरतो. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील पंचगिरीच्या वादानंतर सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत निघाली. आता प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरावीक मूळ गुण असतात. सादरीकरणाचा दर्जा पाहून पंच त्यात उणे पाच ते अधिक पाच या श्रेणीनुसार घट किंवा वाढ करतात. खेळाडू पडल्यास गुण वजा होतात. ‘अॅक्सेल’ ही एकमेव उडी पुढे तोंड करून घेतली जाते आणि खेळाडू उतरतो मात्र मागे सरकत. त्यामुळे तीत अर्धी गिरकी जास्त घ्यावी लागते आणि म्हणूनच ती कठीण मानली जाते.

प्रश्न बर्फाचा

अशा उड्यांचा सराव वर्षभर, रोज आणि योग्य बर्फावर करावा लागतो. फिगर स्केटिंगसाठी बर्फाचे तापमान साधारण उणे ३ ते ४ अंश सेल्सिअस ठेवतात. बर्फ फार कडक झाला, तर पात्याची धार त्यात नीट रुतत नाही. ऑलिंपिक दर्जाची रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते.

भारतात अशा सोयी मोजक्याच आहेत. शिमल्याची १९२० मध्ये सुरू झालेली रिंक नैसर्गिक थंडीवर अवलंबून राहिली. डेहराडून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेली बंदिस्त रिंक त्यानंतर अनेक वर्षे बंद होती. ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे मानेसर ज्या गुरुग्राम जिल्ह्यात आहे, तेथील एका मॉलमध्ये २०१० च्या दशकाच्या आरंभी कृत्रिम बर्फाची रिंक सुरू झाली. आकाराने ती लहान होती. तरीही राष्ट्रीय स्पर्धा तेथे भरवण्यात आल्या.

ऑलिंपिकची अरुंद वाट

२०२६ च्या ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीसाठी केवळ २९ जागा होत्या. २०२६ च्या मिलान-कोर्टिना ऑलिंपिकसाठी त्यांपैकी २४ जागा २०२५ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतून निश्चित झाल्या, तर उर्वरित ५ जागांसाठी बीजिंगमध्ये पात्रता स्पर्धा घेण्यात आली. त्या ऑलिंपिकमधील भारतीय पथकात फिगर स्केटिंगपटू नव्हता.

परदेशातील रिंकवर घडलेल्या खेळाडूंनी भारताचे नाव या खेळाच्या गुणफलकावर नेले आहे. मात्र मानेसर किंवा पुण्यातील एखाद्या मुलीला घर न सोडता तेथवर पोहोचायचे असेल, तर तिला आधी वर्षभर न वितळणारा बर्फ उपलब्ध व्हायला हवा.